लांबी बदलणारा इनटेक: फायदा कुठे असतो आणि घरी बनवावा का

प्रश्न असा आहे: टर्बो नसलेलं १.६ लिटरचं चार सिलेंडर इंजिन ट्रॅकसाठी बांधतोय, चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी (प्रत्येक सिलेंडरला हवेची स्वतंत्र झडप) घेतल्यात, आता पोर्शे-फेरारीसारखा लांबी बदलणारा इनटेक, म्हणजे सिलेंडरला हवा नेणारे पाईप चालू इंजिनात लांब-आखूड होणारे, करून घ्यावा का, त्याने किती बीएचपी वाढतील, आणि एवढं भारी प्रकरण असेल तर आजकाल सगळे का लावत नाहीत. मी इंजिन डायनोवर, म्हणजे पॉवर-टॉर्क मोजायच्या यंत्रावर, इनटेक-एक्झॉस्टचंच काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे, चालवून घ्या.

आधी ते "किती बीएचपी" सोडून द्या. तुम्हाला फक्त ८००० आरपीएमला जास्तीत जास्त पॉवर हवी असेल तर त्या आरपीएमला जमणाऱ्या लांबीचे साधे फिक्स पाईप लावा, तीच पॉवर स्वस्तात मिळते आणि हलणारं काही नाही म्हणून बिघडणारंही काही नाही. लांबी बदलायचा उपद्व्याप करायचा तो खालच्या भागासाठी, म्हणजे त्या आखूड पाईपमुळे ४०००-५००० ला टॉर्क कर्व्हमध्ये जो खड्डा पडतो तो भरायला. ब्रोशरवर छापतात तो आकडा वरच्या टोकाचा, आणि हा फायदा दिसतो मधे, म्हणून विकणाऱ्यालाही हे नीट सांगता येत नाही आणि घेणाऱ्यालाही कळत नाही.

आत काय होतं ते बघा. पिस्टन खाली जायला लागला की पोर्टमध्ये (हेडमधला व्हॉल्व्हपर्यंतचा हवेचा मार्ग) दाब पडतो आणि ही कमी दाबाची लहर पाईपमधून वर, येणाऱ्या हवेच्या उलट, आवाजाच्या वेगाने निघते. पाईपचं तोंड जिथे प्लेनममध्ये (सगळ्या पाईपांना हवा पुरवणारा सामायिक डबा) किंवा बाहेर उघडतं तिथे पोचली की ती उलटते आणि जास्त दाबाची लहर होऊन परत खाली येते. पिस्टन तळाला पोचून वर निघालाय, इनटेक व्हॉल्व्ह अजून बंद व्हायचाय, आणि नेमकी त्या वेळेला ही दाबाची लहर पोर्टवर आली, की सिलेंडरमधली हवा मागे ढकलली जायच्या ऐवजी उलट आणखी थोडी आत कोंबली जाते. त्यात पळत्या हवेला स्वतःचं वजन असतंच, तिला एकदम ब्रेक लागत नाही, दादरला विरार लोकलमध्ये आत जागा संपलेली असते तरी मागचे ढकलतायत म्हणून आणखी चार जण घुसतातच, तसं. म्हणून तर व्हॉल्व्ह तळानंतर पण ४०-५० डिग्री उघडा ठेवतात. सगळं जुळलं तर टर्बो नसताना पण सिलेंडर त्याच्या मापापेक्षा जास्त भरतो, चांगल्या रेसिंग इंजिनात व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी शंभराच्या वर जाते ती अशी.

आता घोळ कुठे आहे, तर लहर वेळ पाळते आणि इंजिन अंश पाळतं. समजा व्हॉल्व्हपासून ट्रंपेटच्या (पाईपच्या टोकाला बसणाऱ्या कर्ण्याच्या) तोंडापर्यंत ३५ सेंटिमीटर आहे, जाऊन येऊन ७०, हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, म्हणजे लहरीला परत यायला २ मिलिसेकंद लागतात, मग इंजिन कितीही आरपीएमवर असो. पण या २ मिलिसेकंदात क्रँक ३००० ला ३६ डिग्री फिरतो, ६००० ला ७३, आणि ९००० ला जवळजवळ ११० डिग्री. व्हॉल्व्हचं उघडणं-मिटणं डिग्रीत ठरलेलं असल्यामुळे एका आरपीएमला लहर बरोबर वेळेवर येते, दुसऱ्याला लवकर, तिसऱ्याला उशिरा. दुप्पट आरपीएमला तेच टायमिंग हवं तर लांबी निम्मी करायला लागते, सगळी गोम एवढीच आहे.

प्रत्यक्षात गणित एवढं सरळ राहत नाही बरं का. लहर एकदा येऊन विरत नाही, व्हॉल्व्ह मिटल्यावरही ती पाईपमध्ये वरखाली करत राहते आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडेल तेव्हा तिचा दाबाचा भाग समोर असला तर फायदा, ओढीचा असला तर तोटा, म्हणून टॉर्क कर्व्हमध्ये एकच उंचवटा नसतो, लहान-लहान दोनतीन असतात. पाईपच्या तोंडाबाहेरची थोडी हवासुद्धा या खेळात येते, साध्या कापलेल्या पाईपला त्रिज्येच्या साधारण ०.६ पट लांबी जास्त धरायची. आणि तापमान! २५ डिग्रीला आवाजाचा वेग ३४६ आहे, बॉनेटखाली हवा ६० डिग्रीला गेली की ३६६ होतो, म्हणजे ६००० ला ट्यून केलेला पाईप ६३०० च्या पुढे सरकतो. जानेवारीत पहाटे काढलेला डायनो कर्व्ह मे महिन्यातल्या दुपारच्या कर्व्हवर ठेवून "माझा टॉर्क पीक सरकला" म्हणणारे लोक येतात, त्यांच्या इंजिनाला काहीही झालेलं नसतं.

फिक्स लांबीत किती तडजोड असते याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे १९६० ची क्रायसलर ३०० एफ. ६.८ लिटरचा व्ही-८, आणि त्याचे इनटेक पाईप ३० इंच लांब, एवढे की या बाजूच्या कार्ब्युरेटरचे पाईप इंजिनावरून आडवे जाऊन त्या बाजूच्या सिलेंडरला लागायचे. टॉर्क २८०० आरपीएमलाच शिखर गाठायचा, हायवेवर ओव्हरटेक करायला राजा, पण वर गेलं की दम संपला. म्हणून रेसवाल्यांसाठी त्यांनी एक दुर्मीळ ऑप्शन दिला, बाहेरून मॅनिफोल्ड तसाच दिसतो पण आतली भिंत अर्धी काढून टाकलेली, त्यामुळे कामाची लांबी १५ इंच, आणि पॉवर ३७५ वरून ४००. बघा, दोन्ही लांब्या एकाच धातूच्या खोक्यात होत्या, फक्त चालू गाडीत एकीवरून दुसरीवर जायची सोय नव्हती.

ती सोय आली आणि स्पोर्ट्स कारमध्ये गाजली ती पोर्शेच्या व्हॅरिओरॅममुळे. ९११ च्या ९९३ मालिकेत आधी १९९५ च्या कॅरेरा आरएसला, मग १९९६ मॉडेलपासून साध्या कॅरेरालाही. ५००० च्या खाली हवा फक्त लांब पाईपातून येते. ५००० ला व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सरकत्या नळ्या मागे जातात, पाईपच्या मधेच फट उघडते आणि हवेला जवळचा रस्ता मिळतो. ५८०० च्या आसपास आणखी एक फ्लॅप उघडून डावीकडच्या आणि उजवीकडच्या प्लेनमला जोडणारा जास्तीचा मार्ग मोकळा होतो. कॅरेराची पॉवर २७२ वरून २८५ झाली, फक्त १३ ने, आणि त्यातही मोठ्या केलेल्या व्हॉल्व्हचा वाटा आहे. एवढ्यासाठी एवढं प्लंबिंग? असं वाटू शकतं, पण दोन्ही गाड्यांचे टॉर्क कर्व्ह एकावर एक ठेवले की मधल्या पट्ट्यात खरा फरक दिसतो, आणि घाटात गाडी राहते ती त्याच पट्ट्यात.

इथे एक गोष्ट जी लोक सोडून देतात. पोर्शेच्या सिस्टिममध्ये दोन वेगळी तत्त्वं एकत्र आहेत, एक पाईपची लांबी आणि दुसरं रेझोनन्स. सहा सिलेंडरच्या इंजिनात तीन-तीनचे दोन गट केले तर प्रत्येक गटात दर २४० डिग्रीला एक सिलेंडर हवा ओढतो, एकाचं संपत आलं की दुसऱ्याचं सुरू, त्यामुळे तिघे मिळून एका प्लेनमला ठेक्यात झोके देतात आणि अख्ख्या प्लेनममधली हवा हलायला लागते. हा फायदा तीनच्या गटाला मिळतो तसा चारला मिळत नाही. म्हणून सहा सिलेंडरवाले बरेचदा लांबीला हात न लावता फक्त दोन गटांमधला फ्लॅप उघड-बंद करतात. १९९० च्या होंडा एनएसएक्समध्येही लांबी सरकत नव्हती, मुख्य प्लेनमखाली दुसरा प्लेनम होता, ५००० च्या जरा आधी फ्लॅप उघडून तो जोडला जायचा. तुमचं चार सिलेंडरचं इंजिन आहे, त्यामुळे एनएसएक्सची आयडिया उचलू नका, तुमच्या कामाची फक्त पाईपची लांबी.

मग दोन टप्पे पुरेत की सलग बदलणारी लांबी हवी? सलगचा रस्त्यावरच्या गाडीतला पहिला नमुना म्हणजे २००१ चं बीएमडब्ल्यूचं एन-६२ व्ही-८, स्पोर्ट्स कारचं नव्हे तर सेव्हन सिरीजचं, नंतर सहा सिरीज कूपेतही गेलं. मॅनिफोल्डच्या पोटात एक फिरणारा रोटर, पाईप त्याच्याभोवती गुंडाळलेले, रोटर फिरला की पाईपचं तोंड पुढे-मागे होतं. ३५०० च्या खाली ६७३ मिलिमीटर, तिथून कमी होत ६२०० ला २३१. मधे इलेक्ट्रिक मोटर आणि गिअर. इंजिनिअरिंग म्हणून बघत राहावं असं काम आहे. पण २००५ मध्ये त्याच इंजिनाचं सुधारलेलं रूप आलं तेव्हा त्यांनी स्वतःच हे काढलं आणि साधा दोन टप्प्यांचा मॅनिफोल्ड बसवला. माझं मत विचाराल तर बरोबरच केलं. डायनोवर लांब पाईपचा कर्व्ह आणि आखूडचा कर्व्ह एकमेकांना जिथे कापतात तिथे स्विच केलं की जवळजवळ सगळा फायदा पदरात पडतो, सलगवाल्याला उरतो तो त्या कापण्याच्या जागेवरचा छोटा त्रिकोण. व्हॉल्व्ह टायमिंग बदलता येत असेल तर तो त्रिकोणही व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बऱ्यापैकी भरून काढतो.

सलग लांबीचं खरं चीज झालं ते मात्र माझदा ७८७बी मध्ये. चार रोटरचं (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर) आर-२६बी इंजिन, ९००० ला ७०० हॉर्सपॉवर, १९९१ चं ले माँ जिंकलेलं, वायडलर-हर्बर्ट-गाशो चालवत होते आणि २४ तासांत ३६२ लॅप. याचे इनटेक पाईप टेलिस्कोपसारखे एकात एक सरकतात, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आरपीएम बघून चारही एकदम वरखाली करतो. इथेच का शोभलं? रोटरी इंजिनाला व्हॉल्व्हच नाही, कॅम नाही, पोर्ट उघडायची-मिटायची वेळ हाऊसिंगमध्ये कोरून ठेवलेली, आणि हाऊसिंगच्या कडेला असलेल्या पेरिफेरल पोर्टचा ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट एकदम उघडे असण्याचा काळ) प्रचंड, म्हणजे लहर चुकीच्या वेळी आली की इंजिन फार वाईट वागतं. टायमिंग बदलायला त्यांच्या हातात लांबी सोडून दुसरं काहीच नव्हतं. शिवाय ग्रुप सी या त्या काळच्या रेसिंग वर्गाच्या नियमात २४ तासांना इंधनाचा कोटा होता, त्यामुळे कमी आरपीएमवर, कमी पेट्रोलवर चांगला टॉर्क मिळणं म्हणजे थेट लॅप मिळणं. तिथे तो छोटा त्रिकोण २४ तास कमाई करत होता, तुमच्या वीस मिनिटांच्या सेशनमध्ये त्याची किंमत वेगळी.

फेरारीवाल्यांनी हे व्ही-१२ मध्ये जपलंय. लाफेरारीत ९००० ला ८०० हॉर्सपॉवर देणाऱ्या ६.३ लिटर इंजिनाला सलग बदलणारी लांबी आहे, आणि नंतरच्या ८१२ सुपरफास्टमध्येही इनटेक बदलता आहे. ८१२ चा टॉर्क शिखर गाठतो ७००० ला, ७१८ न्यूटन मीटर, पण त्यातला ८० टक्के ३५०० लाच हजर असतो. टर्बो नाही, ८५०० ला पॉवर, आणि तरी ३५०० ला गाडी मरत नाही, यामागे कॅम टायमिंग आणि इनटेक दोघांचं संगनमत आहे. बाइकमध्ये यामाहाने २००७ च्या आर-१ ला दोन टप्प्यांचं केलं, १४० मिलिमीटरचा फनेल, १०,४०० आरपीएमला वरचा भाग सर्व्हो मोटरने उचलला की ६५ उरतात. उलटं उदाहरण पण आहे, एप्रिलियाने आरएसव्ही-४ मधून २०१७ मध्ये बदलते फनेल काढून टाकले आणि अर्धा किलो वाचवला. दोघांपैकी कोणी मूर्ख नाही, गरज बदलली.

आता "सगळे का लावत नाहीत". कारण टर्बो. १८०० आरपीएमला पंपाने हवा कोंबता येत असेल तर लहरीची मनधरणी कोण करतं. पण टर्बोमुळे हे निरुपयोगी झालं असं कोणी म्हटलं तर फॉर्म्युला वन दाखवा. व्ही-१० च्या काळात लांबी बदलणारे ट्रंपेट चालायचे, २००६ ला २.४ लिटर व्ही-८ आले तेव्हा बंदी घातली, आणि १.६ लिटर टर्बो व्ही-६ आल्यावर २०१५ पासून परत परवानगी दिली. टर्बोच्या इंजिनात कशाला? कारण तिथे पेट्रोलचा प्रवाह तासाला १०० किलोला बांधलेला होता. लहरीने सिलेंडर फुकटात थोडा जास्त भरला की कॉम्प्रेसरला तेवढं काम कमी, आणि टर्बाइनवर उरलेली शक्ती जनरेटरमधून बॅटरीत.

आपल्याकडे हे अगदीच परदेशी प्रकरण नाही हां. २००६ ला आलेल्या होंडा सिव्हिकच्या १.८ लिटर इंजिनात दोन लांब्यांचा प्लास्टिक मॅनिफोल्ड होता, कित्येक मालकांनी गाडी विकली तरी त्यांना पत्ता नव्हता. जुनी गाडी घेताना तपासायचं असेल तर सोपं आहे, फ्लॅप हलवणारा अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवरचा असेल तर त्याची नळी काढून हातपंपाने व्हॅक्यूम द्या, दांडा पूर्ण सरकला पाहिजे आणि तिथेच टिकला पाहिजे, हळूहळू परत आला तर आतला पडदा फाटलाय. फ्लॅप लांब पोझिशनला अडकला तर गाडी खाली मस्त आणि वर गुदमरते, आखूडला अडकला तर उलटं. क्रँककेसच्या वाफेतून येणारं तेल फ्लॅपच्या शाफ्टवर चिकटून बसतं, निम्म्या वेळा नुसत्या सफाईने काम होतं. डिझेलमधले स्वर्ल फ्लॅप म्हणजे हेच असं काही मेकॅनिक सांगतात, तसं नाही, ते हवेला भोवरा द्यायला असतात, लांबीशी संबंध नाही. आणि एअर फिल्टरच्या पाईपची लांबी म्हणजेही ही लांबी नाही. प्लेनमच्या अलीकडे तुम्ही कितीही चकचकीत अ‍ॅल्युमिनियम पाईप लावा, प्रत्येक सिलेंडरची लहर उलटते ती प्लेनमच्या तोंडाशी, पुढचा पाईप तिने बघितलेलाही नसतो. थोडा परिणाम असतो, पण मुख्यतः आवाज येतो, आवाजासाठी लावत असाल तर माझी काही हरकत नाही.

तर तुमच्या इंजिनाचं. सरकणारं काही बनवू नका. चार नळ्या एकसारख्या सरकायला हव्यात, फट राहिली की लहर तिथेच फुटते, घट्ट केलं तर धुळीत अडकते, आणि सर्व्हो बंद पडला तर सेशन गेलं. त्यापेक्षा ट्रंपेटचे दोन-तीन संच करून घ्या, सीएनसीवर किंवा थ्रीडी प्रिंटचे नायलॉनचे पण चालतात, फक्त बेलमाउथचं तोंड नीट गोलाईचं हवं आणि आतली जोड पायरीसारखी नको. आधी तुमचा गिअरबॉक्स बघा. ७५०० ला दुसऱ्यातून तिसरा टाकल्यावर आरपीएम ५००० च्या आसपास पडत असेल तर तुमचं आयुष्य ५००० ते ७५०० मध्ये आहे, त्याच्या खालचा टॉर्क कितीही सुंदर असला तरी तुम्ही तिथे जाणारच नाही, पिटमधून निघताना सोडून. क्लोज रेशो गिअर असतील तर हा पट्टा आणखी अरुंद होतो आणि लांबी बदलणाऱ्या इनटेकची गरजच संपते, पैसा गिअरमध्ये घाला.

व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत ३० ते ४० सेंटिमीटरमध्ये सुरुवात करा, मोजताना हेडमधला पोर्ट, थ्रॉटल बॉडी, सगळं धरायचं, लोक फक्त ट्रंपेट मोजतात आणि मग गणित जुळत नाही म्हणून इंटरनेटला शिव्या देतात. ३५ च्या आसपास असताना अडीच सेंटिमीटर वाढवले-कमी केले की पीक साधारण ४०० आरपीएम सरकतो, त्यामुळे संच अडीच-अडीचच्या फरकाने पुरे, मिलिमीटरवर भांडू नका. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर, जिथे ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा आणि सारखं वळणातून बाहेर पडायचं असतं, तिथे लांब संच आधी ट्राय करा, बुद्ध सर्किटच्या लांब स्ट्रेटला आखूड. तोंड आणि समोरची भिंत, मग ती एअरबॉक्सची असो वा बॉनेटची, यांच्यात किमान एका व्यासाएवढी जागा सोडा.

आणि एक, वेगळ्या थ्रॉटल बॉडी असल्यामुळे तुमचा ईसीयू बहुतेक थ्रॉटल पोझिशन आणि आरपीएमवरच पेट्रोल ठरवत असणार. त्याला ट्रंपेट बदललेले कळत नाहीत. आखूड संच लावून ७००० ला हवा वाढली आणि मॅप (किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता) जुनाच राहिला तर मिक्श्चर लीन जाईल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडेल, तेही फुल थ्रॉटलला. प्रत्येक संचाचा वेगळा मॅप डायनोवर करून ईसीयूत सेव्ह करा, आणि संचाच्या पेटीवर मॅपचं नाव मार्करने लिहून ठेवा.